‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ : दोन्ही रकान्यांवर ‘धोका’ लिहून भागत नाही

प्रश्न असा आहे. एका रासायनिक कारखान्यात नव्याने रुजू झालेल्या सुरक्षा अधिकाऱ्यांना कामगारांसाठीचा सुरक्षा तक्ता मराठीत करून घ्यायचा आहे. मूळ इंग्रजी तक्त्यात ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ असे दोन स्वतंत्र रकाने आहेत. भाषांतर करणाऱ्याने दोन्हींच्या डोक्यावर ‘धोका’ हाच शब्द लिहिला आणि हरकत घेतल्यावर, शब्दकोशात दोन्हींपुढे हाच अर्थ दिलेला असतो, असे उत्तर दिले. हे चालेल का, आणि चालत नसेल तर फरक नेमका कोणता, असे त्यांनी विचारले आहे.

चालणार नाही. रासायनिक कारखान्यांत सुरक्षेचे काम करताना मला २८ वर्षे झाली आणि या काळात मी मराठीतले असे पुष्कळ तक्ते पाहिले, ज्यांत दोन रकाने एकाच नावाने उभे होते आणि भरणाऱ्याने दोन्हींत तोच मजकूर थोडा फिरवून लिहिला होता. ‘आम्ल अंगावर उडणे’ आणि त्यापुढे ‘आम्लामुळे भाजणे’. असा तक्ता तपासणीच्या दिवशी भिंतीवर शोभतो, पण आम्लाच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काहीही कळत नाही.

आधी व्याख्या. ‘हॅझर्ड’ म्हणजे इजा किंवा आजार घडवण्याची क्षमता ज्याच्या अंगी आहे असा पदार्थ, अशी वस्तू, स्थिती किंवा क्रिया. ‘रिस्क’ म्हणजे त्या क्षमतेतून प्रत्यक्ष इजा घडण्याची शक्यता किती आणि घडलीच तर ती किती गंभीर असेल, या दोहोंचा मिळून केलेला अंदाज. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी २०१८ साली आलेल्या आयएसओ ४५००१ या मानकात दोन्ही शब्दांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिल्या आहेत, आणि त्यांचा कामापुरता आशय हाच आहे. पहिला शब्द वस्तूच्या स्वभावाविषयी बोलतो. दुसरा शब्द ती वस्तू, तिच्या जवळची माणसे, त्यांच्या कामाची रीत आणि इजा रोखण्यासाठी मध्ये घातलेले अडसर या सगळ्यांना एकत्र पाहून बोलतो. म्हणून पहिल्या रकान्यापुढे ‘काय आहे?’ एवढे विचारून भागते; दुसऱ्यापुढे मात्र ‘कुणाला, कोणत्या कामात, कितीदा आणि किती?’ असे विचारावे लागते.

एक प्रसंग सांगतो, कारण मला स्वतःला हा फरक व्याख्येतून कळला तरी पटला तो तिथे. टोल्युइन नावाचे द्रावक रंग आणि औषधांच्या कारखान्यांत सर्रास वापरले जाते. ४ अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही त्याची ठिणगीने पेट घेईल एवढी वाफ होते. म्हणजे कोकणातल्या मे महिन्यात तर ते सदैव पेटण्याच्या तयारीतच असते. ते २०० लिटरच्या पिंपातून छोट्या स्टीलच्या डब्यात ओतताना प्रवाहामुळे स्थिर विद्युतभार साठतो, आणि पिंप व डबा यांच्यात ठिणगी पडू नये म्हणून दोन्ही धातूच्या तारेने एकमेकांना आणि जमिनीला जोडून घ्यावे लागतात. एका पाळीत मी गोदामात गेलो तेव्हा हे काम चालू होते. पिंप आडवे चौकटीवर ठेवलेले, खाली डबा, तार जोडलेली, तारेचा चिमटा पिंपाच्या कडेला घट्ट लावलेला. ओतणारे गृहस्थ माझ्याहून वयाने मोठे होते, सगळे त्यांना मामा म्हणत. मी चिमट्याकडे निरखून पाहतोय हे बघून ते म्हणाले, “साहेब, चिमटा लावलाय की.” लावलेला होताच; पण तो पिंपाच्या निळ्या रंगावर लावलेला होता, आणि रंगाच्या थरातून वीज जात नाही. ओतणे थांबवून, नळ बंद करून आम्ही सगळे बाजूला झालो. वाफ ओसरल्यावर, विजेचा जोड पूर्ण असेल तरच वाजणाऱ्या मीटरचे एक टोक चिमट्याला आणि दुसरे पिंपाच्या उघड्या पत्र्याला लावले, तर मीटर गप्प राहिला. मग पिंप बाहेर मोकळ्यावर नेऊन कडेचा रंग नखाएवढ्या जागेत खरवडला, पत्रा चकाकला, चिमटा तिथे बसवला, आणि मीटर वाजला.

टोल्युइन तेच होते, पिंप तेच आणि मामाही तेच. पदार्थाच्या स्वभावात काडीचा फरक पडला नव्हता, म्हणजे पहिल्या रकान्यातला मजकूर खरवडण्याआधी आणि नंतर अक्षरशः एकच राहिला असता. बदलले ते दुसऱ्या रकान्यातले, आणि तेही रंगाच्या एका पातळ थरामुळे. दोन्ही रकान्यांवर ‘धोका’ लिहिले असते तर मामांना मी काय सांगणार होतो? ‘धोका आहे’ हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत होते, त्यासाठीच तर त्यांनी चिमटा लावला होता. त्यांना कळायला हवे होते ते, धोका पूर्वीइतकाच असताना जोखीम आज का वाढली आहे, हे.

आता शब्दांकडे वळतो. मी ‘हॅझर्ड’साठी ‘धोका’ आणि ‘रिस्क’साठी ‘जोखीम’ वापरतो आणि इतरांनीही तसेच करावे असा माझा आग्रह असतो. बोलण्यात आपण ‘धोका पत्करला’ आणि ‘जोखीम पत्करली’ ही दोन्ही रूपे वापरतो, त्यामुळे मराठीत हे शब्द आधीपासून काटेकोर वेगळे आहेत असा दावा मी करणार नाही. शिवाय हिंदीच्या सहवासाने ‘धोका’ला दगाबाजीचा अर्थही चिकटला आहे. तरीही क्रियापदे लावून पाहिली की शब्दांचा कल दिसतो. धोका असतो, उद्भवतो, टळतो. विजेच्या खांबावर कवटीच्या चित्राखाली ‘धोका’ लिहिलेले असते, आणि तो तिथे कुणी नसतानाही असतो. जोखीम मात्र कुणीतरी घेतो, उचलतो, पत्करतो, दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. तिला माणूस लागतो. रात्रीच्या प्रवासाला निघताना जुनी माणसे ‘बरोबर जोखीम आहे, जपून’ असे म्हणत, तेव्हा त्यांचा रोख दागिन्यांकडे किंवा रोकडीकडे असे. सोने स्वतः कुणाला चावत नाही. ते घेऊन कोणत्या वाटेने, कोणत्या वेळी आणि कुणाच्या सोबतीने जायचे, यावर जोखीम ठरते. सराफांच्या आणि व्यापाऱ्यांच्या व्यवहारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार होता. पाठवलेला माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे, माल वाटेत बुडाला तर पैसे देणारा मोकळा, असा तो करार असे. समुद्रातले वादळ हा धोका. तो हुंडीने कमी होत नसे. नुकसान झाल्यास ते कुणी सोसायचे, हा जोखमीचा प्रश्न. आणि तो मात्र कागदावर लिहून ठरवता येत असे. आपल्या व्यापारी भाषेला हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक होता, तांत्रिक मराठीने तो फक्त उचलून घ्यायचा आहे.

इंग्रजीत उलटी वाट झाली आहे, आणि भाषांतरकारांची फसगत होण्याचे एक कारण तेच असावे. ‘हॅझर्ड’ हे मुळात फाशांच्या एका खेळाचे नाव, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेले. म्हणजे नशीब आणि शक्यता हाच त्या शब्दाचा जुना गाभा होता. आजही साहित्यिक इंग्रजीत हा शब्द ‘अंदाजपंचे काहीतरी करून पाहणे’ अशा अर्थाने येतो. सुरक्षाशास्त्राने मात्र तो घेताना त्यातली शक्यता काढून टाकली आणि केवळ घातक क्षमता ठेवली. शक्यतेचे सगळे ओझे फ्रेंचमार्गे इटालियनमधून आलेल्या ‘रिस्क’वर टाकले. त्यामुळे सामान्य इंग्रजी शब्दकोश उघडला तर दोन्हींचे अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि भाषांतर करणाऱ्याने शब्दकोशाचा दाखला दिला तर तो खोटा नसतो. तांत्रिक मजकुराचे भाषांतर करताना त्या क्षेत्राने शब्दाला दिलेला अर्थ पाहावा लागतो, एवढीच त्याची चूक झाली.

‘डेंजर’ हा तिसरा शब्दही यात लुडबुड करतो. रसायनांच्या पिंपांवरील लेबलांसाठी जी जागतिक पद्धत आहे तिच्यात ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’ असे दोन इशारेवजा शब्द ठरवून दिले आहेत. पहिला अधिक घातक वर्गासाठी, दुसरा त्यामानाने सौम्य वर्गासाठी. टोल्युइनच्या पिंपावर ज्वालेच्या चित्रासोबत ‘डेंजर’ असते. पण हे दोन्ही शब्द धोक्याचीच पातळी सांगतात, जोखमीची नाही. लेबल छापणाऱ्याला ते पिंप कुठे उभे राहणार आहे, शेजारी वेल्डिंग चालू असेल की नाही, हे कसे कळणार? लेबल पदार्थाचा स्वभाव सांगून थांबते. पुढचे गणित कारखान्याने करायचे असते, आणि लेबल वाचून झाले की ते गणितही झाले असे समजणे, ही मला वारंवार दिसणारी चूक आहे.

हीच गल्लत कारखान्याबाहेरही होते, आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण २०१५ सालचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सॉसेज, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस आपल्या पहिल्या गटात घातले. त्या गटात तंबाखूही आहे आणि सूर्यप्रकाशही. लगेच अनेकांनी असा अर्थ काढला की सॉसेज सिगारेटइतकेच वाईट. ही वर्गवारी धोक्याची आहे. या पदार्थामुळे माणसाला कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा किती भक्कम आहे, एवढेच ती सांगते. किती खाल्ल्याने किती जणांना होईल, हा जोखमीचा प्रश्न ती सोडवत नाही. त्याच अहवालात तोही अंदाज वेगळा दिला होता : रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. हा आकडा दखल घेण्याजोगा आहेच, पण धूम्रपानाने फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता कित्येक पटींनी वाढते. गट एक, जोखीम मात्र अतिशय भिन्न. बातमीत दोन्हींसाठी ‘धोका’ हा एकच शब्द आला की वाचकाला हे अंतर दिसण्याचा मार्गच बंद होतो.

भोपाळबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या दोन शब्दांतला फरक एखाद्या गावाला किती महाग पडू शकतो हे तिथे दिसले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. हा पदार्थ पाण्याशी उष्णता बाहेर टाकत अभिक्रिया करतो आणि ३९ अंशांच्या आसपास उकळतो. तो अत्यंत विषारी आहे, हे कारखाना सुरू झाला त्या दिवशी जितके खरे होते तितकेच त्या रात्रीही होते. धोका वाढला नव्हता. पण टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. बाहेर पडणारा वायू जाळून टाकणाऱ्या ज्वाला-मनोऱ्याकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी सोडवलेली होती. वायू धुऊन निष्प्रभ करणारा मनोरा चालू स्थितीत नव्हता. एकेक अडसर निघत गेला तशी जोखीम वाढत गेली. धोक्याच्या रकान्यातला मजकूर मात्र या संपूर्ण काळात एका अक्षरानेही बदलला नसता, आणि म्हणूनच केवळ तोच रकाना वाचणाऱ्याला हे चढत गेलेले संकट दिसलेच नसते.

भोपाळवरून दुसरीही एक गोष्ट ध्यानात येते. मिथाइल आयसोसायनेट हे त्या कारखान्याचे अंतिम उत्पादन नव्हते. कीटकनाशक बनवण्याच्या वाटेवरचा तो मधला टप्पा होता, आणि इतक्या मोठ्या प्रमाणात साठवून ठेवण्याची निकड नव्हती. १९७४ साली इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे २८ माणसांचा बळी घेणारा स्फोट झाल्यानंतर ट्रेव्हर क्लेट्झ या रासायनिक अभियंत्याने हाच मुद्दा लावून धरला होता. १९७८ मधल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकाचा भावार्थ असा, की जे तुमच्याजवळ नाहीच ते गळू शकत नाही. त्यामुळे उपायांचेही दोन जातींत वाटप होते. साठा काढून टाकणे किंवा कमी करणे, घातक द्रावकाऐवजी सौम्य द्रावक वापरणे, हे उपाय धोक्यालाच हात घालतात. वायुवीजन, घातक कामाआधी लेखी परवाना घेण्याची पद्धत, प्रशिक्षण, हातमोजे हे उपाय धोका जागेवर ठेवून जोखीम कमी करतात, आणि ज्या दिवशी पंखा बंद पडतो किंवा मोजा फाटतो त्या दिवशी ती जोखीम परत येते. प्रशिक्षण वर्गात ‘आता काय उरले?’ असे विचारले की कुणीतरी हमखास उत्तर देतो, “साहेब, हेल्मेट घातलं, धोका संपला.” त्या मुलाचा दोष नसतो. आपणच त्याला दोन गोष्टींसाठी एक शब्द दिलेला असतो.

भूकंपाच्या अभ्यासकांकडे हा भेद आणखी बारकाईने केला जातो आणि त्याचे दुःखद उदाहरण आपल्याच राज्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात ६.२ क्षमतेचा भूकंप झाला, तेव्हा तो भाग देशाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. चार वर्षे आधी, १९८९ मध्ये, कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा येथे ६.९ क्षमतेचा, म्हणजे याहून बराच मोठा भूकंप झाला होता, त्यात ६३ माणसे गेली. किल्लारी भागात सात हजारांहून अधिक गेली. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचा भला मोठा थर असलेली माळवदे, आणि आदल्या दिवशीच्या गणेश विसर्जनानंतर उशिरा येऊन घरात गाढ झोपलेली माणसे. जमिनीची हालचाल हा धोका. तिच्या टप्प्यात किती माणसे आहेत आणि त्यांच्या डोक्यावरचे छप्पर ती सोसू शकते का, हे धरले की मग जोखीम. नंतर नकाशा सुधारून हा भाग वरच्या पट्ट्यात घेतला गेला, ते योग्यच झाले. परंतु ती दुरुस्ती पहिल्या शब्दाची होती. दुसऱ्या शब्दाची दुरुस्ती घर बांधणाऱ्या गवंड्याच्या हातात असते.

तक्त्यातील आकड्यांविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. शक्यतेला १ ते ५ आणि गांभीर्याला १ ते ५ गुण देऊन त्यांचा गुणाकार म्हणजे जोखीम, अशी पद्धत बहुतेक कारखान्यांत आहे. ती सोयीची आहे, मीही वापरतो. पण रोज बोट खरचटणे म्हणजे ५ गुणिले १, आणि कधीतरीच पण अनेकांचा जीव घेईल अशी वायुगळती म्हणजे १ गुणिले ५. दोन्हींचे उत्तर ५. आकडा सारखा आला म्हणून या दोन ओळींना सारखे महत्त्व देणे मला कधीच मान्य झाले नाही. गांभीर्य ५ असेल तर शक्यता कितीही कमी लिहिलेली असो, ती ओळ वरिष्ठांच्या मेजावर गेलीच पाहिजे, असा नियम मी आमच्याकडे करून घेतला आहे. शक्यतेचा आकडा आपण लिहितो तो अंदाजाने, आणि पूर्वी घडले नाही म्हणून १ लिहिण्याचा मोह फार मोठा असतो.

आता आपल्या तक्त्यापुरते. दोन रकान्यांवर ‘धोका’ आणि ‘जोखीम’ असे लिहावे, आणि दोहोंच्या मध्ये ‘इजा कशी होऊ शकेल’ असा एक रकाना घालावा. भरणाऱ्याला पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत जायला त्यामुळे पूल मिळतो. धोक्याच्या रकान्यात नाम यावे, त्यात क्रियापद येऊ लागले की समजावे की मजकूर पुढच्या रकान्यात घसरला आहे. टोल्युइन ओतण्याची ओळ मी अशी भरेन. धोका : टोल्युइन, अतिज्वलनशील द्रव, २०० लिटर. इजा कशी : ओतताना स्थिर विद्युतभाराची ठिणगी पडून वाफ पेटणे, ओतणारा आणि शेजारचा मदतनीस भाजणे. सध्याचे अडसर : जोडतार, धातूचाच डबा, उघड्या दारांचे गोदाम. जोखीम : शक्यता २, गांभीर्य ५. त्यापुढचा रकाना पाळीप्रमुखाने रोज स्वतःच्या हाताने भरायचा, आणि त्यात एवढेच लिहायचे की चिमटा उघड्या पत्र्यावर बसला आहे आणि मीटर वाजला.